थेंबभर रक्ताने अंगावर काटा येतो, मग बादलीभर रक्ताने हसू का येतं?

आत्या पोळ्यांचा डबा घेऊन आत आली तेव्हा टीव्हीवर एक माणूस गवत कापायचं मशीन छातीशी धरून झोंबींच्या, म्हणजे मेल्यावर उठून चालणाऱ्या प्रेतांच्या, गर्दीत घुसत होता, भिंती लाल, फरशी लाल, तो स्वतः डोक्यापासून पायापर्यंत लाल, आणि मी सोफ्यावर पोट धरून हसत होते. "अगं जेवायच्या वेळेला हे काय लावलंयस, आणि तुला हसू कसं येतं गं याचं?" मी म्हटलं आत्या, कॉमेडी आहे ती. हे काही उत्तर झालं नाही हे मला तेव्हाही कळत होतं, कारण तिचा प्रश्न एकदम बरोबर होता. समोर माणसं फाडली जातायत आणि बघणारी हसतेय, तर त्या हसणारीची काळजी वाटणारच ना कुणालाही. मी कॉलेजपासून हे सिनेमे बघतेय, काही तर सात-आठ वेळा बघून झालेत, आणि तिला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आता नीट लिहून काढतेय. थोडे स्पॉयलर येतील, पण सिनेमे जुने आहेत.

आधी विळीपासून सुरू करू. एखाद्या साध्या घरगुती सिनेमात बाई विळीवर भाजी चिरतेय आणि बोट कापलं, कॅमेरा जवळ, तर अख्खं थिएटर "स्स्स" करतं. रक्त किती? चार थेंब. पण ते चार थेंब आपल्या ओळखीचे असतात, आपलं बोट कधीतरी तसंच कापलेलं असतं, त्यामुळे शरीराला लगेच आठवतं की हे कसं चरचरतं. आता तो गवत कापायच्या मशीनचा सीन घ्या. सिनेमा 'ब्रेनडेड', १९९२ चा, न्यूझीलंडचा, दिग्दर्शक पीटर जॅक्सन. त्या शेवटच्या मारामारीला ३०० लिटर नकली रक्त लागलं असं सांगतात. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण ५ लिटर. म्हणजे हिशेब करा, ६० माणसांचं रक्त एका घराच्या हॉलमध्ये. याची आठवण आपल्या शरीराकडे नाहीच, असं कधी कुणाला झालेलं नाही आणि होणारही नाही, त्यामुळे "आई गं, किती दुखत असेल" म्हणणारा जो आतला भाग असतो तो एका क्षणी हात वर करतो आणि मोकळा होतो. त्या मोकळं होण्याचंच हसू.

हे मी माझ्या मनाने म्हणत नाहीये, हसण्याचा अभ्यास करणारे लोक साधारण हेच सांगतात. अमेरिकेतल्या पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या दोघांनी २०१० मध्ये एक मांडणी केली, सोप्या भाषेत ती अशी की हसू यायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, समोर काहीतरी चुकीचं, नियम मोडणारं घडलं पाहिजे आणि त्याच वेळी त्यात खरा धोका नाही हेही वाटलं पाहिजे. गुदगुल्या बघा. गुदगुली म्हणजे खोटा हल्लाच असतो. मावशीने केली की आपण लोळतो, तीच अनोळखी माणसाने लोकलमध्ये केली तर आपण ओरडू, आणि स्वतःची स्वतःला तर होतच नाही. सर्कशीतल्या जोकरकडे तो मधून चिरलेला फट्टा असतो, पाठीवर मारला की आवाज केवढा तरी येतो आणि लागत काहीच नाही, इंग्रजीत त्या फट्ट्याला स्लॅपस्टिक म्हणतात आणि त्यावरूनच त्या सगळ्या धडपडण्याच्या कॉमेडीचं नाव पडलं. रक्तबंबाळ कॉमेडीला मग लोक स्प्लॅटस्टिक म्हणायला लागले. रक्ताचा फवारा हा त्या फट्ट्याचा आवाज आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा विषय कळला.

पण फक्त रक्त वाढवलं की हसू येतं असं समजू नका, इथेच खूप दिग्दर्शक फसतात. २०१३ मध्ये 'ईव्हिल डेड' नव्याने आला, त्यात शेवटी आकाशातून रक्ताचा पाऊस पडतो, अक्षरशः पाऊस, आणि कुणी हसत नाही. का? कारण कॅमेरा सतत दुखण्यापाशी थांबतो, त्या मुलीचा चेहरा, तिचा श्वास, तिचा हात. जॅक्सन असं करत नाही. त्याचा कॅमेरा लांब जातो, घसरणारे पाय दाखवतो, तुटलेला हात स्वतःचा स्वतः काहीतरी उद्योग करत फिरतोय ते दाखवतो. दुखणं कुणाचंच नाही, नुसता पसारा आहे. त्यामुळे प्रमाण आणि कॅमेरा कुठे थांबतो हे दोन्ही मिळून ठरतं, आणि माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं.

आता मला सगळ्यात आवडणारा मुद्दा, आणि तो आपल्याकडचाच आहे. शाळेत आपण नवरस पाठ केले, त्यात बीभत्स म्हटलं की बाईंनी स्मशानाचं वर्णन सांगितलं आणि पुढे गेल्या. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा आहे, म्हणजे किळस, आणि भरत म्हणतो की बीभत्सातून भयानक निर्माण होतो. बरोबरच आहे, सडलेलं दिसलं की आधी नाक मुरडतो मग भीती वाटते, सगळे झोंबी सिनेमे याच एका ओळीवर उभे आहेत. पण नंतरच्या शास्त्रकारांनी हास्य आणि भयानक हे एकमेकांच्या विरोधातले रस सांगितले, म्हणजे एक आला की दुसरा पळतो. मग ही कॉमेडी जमतेच कशी? त्याचंही उत्तर आपल्याकडेच आहे, हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने लिहिलं की कुठलाही रस जर अनुचित जागी, अनुचित प्रकारे आला तर तो रस न राहता त्याचा आभास होतो, आणि त्या आभासातून हास्य येतं. औचित्य सुटलं की हसू! रावण सीतेसाठी झुरतो तेव्हा तो शृंगार करायला जातो आणि ते हास्याच्या वाटेला लागतं, तसंच. ३०० लिटर रक्त म्हणजे बीभत्साचं औचित्य सुटणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रात्री साडेअकराला मैत्रिणीला फोन करून सांगितलं.

आणि आणखी एक, शरीराचा भाग. भीतीने छाती धडधडायला लागते ना, ती भीती गेल्यावर लगेच थांबत नाही, थोडा वेळ तशीच चालू राहते, आणि त्या वेळात जे काही होईल ते दुप्पट जोरात लागतं. म्हणून दचकल्यावर लगेच आलेल्या फालतू जोकवर सुद्धा थिएटर कोसळतं. चांगला दिग्दर्शक हे सेकंदांत मोजतो. कोकणात शिमग्याला संकासुर येतो, काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं, लहान मुलं किंचाळत घरात पळतात आणि दारातून परत हसत डोकावतात, ते किंचाळणं आणि हसणं यांच्यामध्ये किती वेळ जातो बघितलंय का कधी? जातच नाही.

बरं, पण मग झोंबीच का, भूत का नाही. (मराठीत झोंबी हा शब्द आधीपासून आहेच, झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवणं, आणि मिरची झोंबते ती वेगळी, दोन्ही अर्थ या प्राण्याला इतके फिट बसतात की मला तो परका शब्द वाटतच नाही.) भुताला इच्छा असते, राग असतो, कुणीतरी अन्याय केलेला असतो, भुताची गोष्ट ऐकावी लागते. झोंबीची गोष्टच नसते. माणूस निघून गेलाय आणि शरीर सवयीने चालतंय. फ्रेंच विचारवंत हेन्री बर्गसनने १९०० मध्ये हसण्यावर लिहिताना म्हटलं होतं की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. झोंबी तर तेवढंच आहे, यंत्रासारखं वागणारं माणसाचं अंग. जिना असला की पडतो, दार असलं की आपटतो, परत उठतो परत आपटतो. त्याला मारताना अपराधी पण वाटत नाही कारण तो आधीच मेलेला, हे कॉमेडीला फार सोयीचं.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. मूळ झोंबी हैतीचा, तिथल्या लोकसमजुतीतला, मेल्यावरही मालकाच्या शेतात राबणारा, आणि त्याच्या मागे गुलामगिरीचा खराखुरा इतिहास आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. माणूस खाणारा झोंबी आला १९६८ मध्ये, जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधून, पिट्सबर्गजवळ अगदी थोड्या पैशात काढलेला ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, कृष्णधवल असल्यामुळे चालून गेलं. त्यात झोंबी हा शब्दच कुणी उच्चारत नाही. आणि तो सिनेमा अजिबात विनोदी नाही, त्याचा शेवट बघून मी दोन दिवस गप्प होते.

विनोद आला तो रोमेरोच्याच पुढच्या झोंबी सिनेमात, 'डॉन ऑफ द डेड', १९७८. मेलेली माणसं मॉलमध्ये येतात. खरा मॉल होता, मनरोव्हिल मॉल, दुकानं बंद झाल्यावर रात्री शूटिंग करायचे. का येतात तर सवयीने, जिवंत असताना इथेच यायचे म्हणून. एस्केलेटरवर अडखळणारे, कारंज्यात पडणारे झोंबी, आणि मागे मॉलचं गुळगुळीत म्युझिक. शेवटी बाइकवाल्यांची टोळी त्यांच्या तोंडावर क्रीमचे केक फेकून मारते, जुन्या मूकपटात मारायचे तसे. मेकअप टॉम साविनीचा. हा माणूस व्हिएतनाम युद्धात लष्करी फोटोग्राफर होता, त्याने खरी प्रेतं बघितलेली होती, आणि तरी या सिनेमात रक्त मुद्दाम भडक राहिलंय, कॉमिकच्या पुस्तकातल्या लाल रंगासारखं, आणि त्यामुळेच आपण एवढं सगळं बघू शकतो. ज्याला खरं माहितीय त्याच्याच हातून ही खोटी नजाकत येते असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

१९८५ हे तर सोन्याचं वर्ष. 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' त्याच वर्षीचा, डॅन ओबॅननचा. झोंबी मेंदू खातात, "ब्रेन्स" असं ओरडतात, हे जे आज लहान मुलांच्या कार्टूनमध्ये पण असतं ना, ते या सिनेमातून आलं, रोमेरोचे झोंबी असलं काही बोलत नाहीत. यातली गंमत कशी होते बघा. पात्रांनी झोंबी सिनेमा बघितलेला आहे, त्यांना माहितीय की डोक्यात घाव घातला की झोंबी मरतो, ते घालतात, आणि तो मरत नाही. सिनेमात तर चाललं होतं की! आणि एक झोंबी रेडिओवरून आणखी अँब्युलन्सवाले पाठवा म्हणून ऑर्डर देतो, जेवण मागवल्यासारखी. पण याच सिनेमात टेबलाला बांधलेलं एक अर्धं प्रेत आहे, बाईचं, तिला विचारतात तुम्ही मेंदू का खाता, तर ती सांगते की मेल्याचं दुखतं, ते खाल्लं की कमी होतं. एकदम शांतता होते. इतका वेळ ज्याच्यावर हसलो त्याला दुखतंय हे कळतं. मला वाटतं या प्रकारचा सगळ्यात भारी संवाद तोच.

सॅम रेमीच्या 'ईव्हिल डेड टू'वर (१९८७) मी वेगळं पानभर लिहू शकते पण आवरतं घेते. त्यातले झोंबी नाहीत खरं तर, झपाटलेले आहेत, पण खानदान तेच. ब्रूस कॅम्पबेलचा स्वतःचाच हात त्याच्यावर उलटतो, त्याच्या डोक्यावर बशा फोडतो, त्याला केसाला धरून आपटतो, आणि हे सगळं एकटा नट करतोय, समोर कुणी नाही. हा अभिनय मला कुठल्याही गंभीर भूमिकेपेक्षा कमी वाटत नाही, कितीही वाद घाला. मग तो हात चेनसॉने कापतो, वर बादली पालथी घालतो आणि बादली हलू नये म्हणून पुस्तकं ठेवतो, वरचं पुस्तक हेमिंग्वेचं 'अ फेअरवेल टू आर्म्स', म्हणजे शस्त्रांना निरोप, आणि आर्म म्हणजे हात पण. यात रक्त कधी काळं, कधी हिरवं आहे, ते सेन्सॉरला लाल कमी दिसावं म्हणून, आणि झालं काय तर त्या रंगांनीच सिनेमा अजून खोटा, अजून मोकळा झाला.

'ब्रेनडेड'बद्दल अजून थोडं. लोक फक्त शेवटचा सीन सांगतात, पण सिनेमा आहे एका आईच्या धाकातल्या मुलाचा. १९५७ चं वेलिंग्टन, नीटनेटकं घर, लोक काय म्हणतील याची सतत चिंता. आईला प्राणीसंग्रहालयात एक भयंकर माकड चावतं, ती सडायला लागते, आणि त्याच वेळी घरी पाहुणे जेवायला! तिचा कान गळून कस्टर्डमध्ये पडतो आणि ती तो चमच्याने खाते, पाहुण्यांसमोर सभ्यपणे. मुलगा लायनेल काय करतो, तर सगळं झाकतो. मेलेल्यांना तळघरात कोंडतो, इंजेक्शनं देऊन शांत ठेवतो, टेबलावर बसवून जेवायला घालतो. घरातली गोष्ट बाहेर जायला नको म्हणून आपल्याकडे कितीतरी घरांत हेच चालतं, फक्त तळघर नसतं. म्हणून शेवटी जेव्हा तो मशीन घेऊन उभा राहतो तेव्हा ते ३०० लिटर इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम फुटल्यासारखे वाटतात. आणि हाच पीटर जॅक्सन पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' करतो, तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळतात. पहिला सिनेमा 'बॅड टेस्ट' त्याने शनिवार-रविवार शूटिंग करत चार वर्षांत काढला होता, आणि मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजलेले.

'शॉन ऑफ द डेड' (२००४) सगळ्यांना माहिती असतो. एडगर राइटचा. सकाळी शॉन झोपेत दुकानात जातो, दुसऱ्या दिवशी तसाच जातो, तोच रस्ता, तोच सलग शॉट, फरक एवढाच की मधल्या रात्रीत शहर झोंबी झालंय, फ्रिजच्या काचेवर रक्ताचा पंजा आहे आणि त्याला काहीच कळत नाही. आधीच्या दिवशीचे जिवंत लोक आणि आजचे मेलेले यांच्यात फरक न कळणं, यात पूर्ण सिनेमा आला. पण हा सिनेमा माझ्या लेखी मोठा ठरतो तो शॉनच्या आईमुळे. ती चावा लपवते, उगाच तुम्हाला कशाला त्रास म्हणून. आणि मग मुलालाच बंदूक उचलावी लागते. तिथे राइट एकही जोक टाकत नाही. सगळं रक्त खोटं असलं तरी एक मरण खरं लागलं पाहिजे, ते नसलं की असे सिनेमे दीड तासात विसरायला होतात, 'झोंबीलँड'सारखे, बघताना मजा येते आणि पार्किंगपर्यंत पुरते. रोमेरोला 'शॉन' एवढा आवडला की त्याने राइट आणि शॉन झालेल्या सायमन पेगला आपल्या २००५ च्या सिनेमात झोंबी म्हणून उभं केलं.

आपल्याकडे हे उशिरा आलं आणि त्याला कारण आहे. आपण दहन करतो. जमिनीतून हात वर येण्याची भीती आपल्या हाडात नाही. प्रेतात शिरणारा वेताळ आहे, पण तो विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो, त्याला मेंदू खायचा नसतो, वापरायला लावायचा असतो. म्हणून आपल्या सिनेमांना झोंबीसाठी थडगं सोडून दुसरं काहीतरी शोधावं लागलं. 'गो गोवा गॉन'ने (२०१३, राज आणि डीके) बेटावरच्या रेव्ह पार्टीतली गोळी शोधली. त्यातली पोरं आपसात विचारतात पण, की आपल्याकडे भूतप्रेत असतात, हे झोंबी कुठून आले, आणि हा प्रश्न सिनेमाने स्वतःलाच विचारला म्हणून तो मला आवडतो. सैफ अली खानचा खोटा रशियन बोरिस तर कमाल.

आणि मग आपला 'झोंबिवली', जानेवारी २०२२, आदित्य सरपोतदारचा. तेव्हा थिएटरमध्ये अर्ध्याच खुर्च्या भरायला परवानगी होती, मधे मधे रिकामी सीट, सगळे मास्क लावून, आणि पडद्यावर डोंबिवलीत साथ पसरतेय, असा अनुभव मला परत मिळणार नाही. त्याने शोधलेलं कारण पाणी! कॉम्प्लेक्स आणि शेजारची झोपडपट्टी, आणि पाणी कुणाला, कुठलं मिळतं. डोंबिवली-कल्याण पट्ट्यात ज्याने टँकरची वाट बघितलीय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा मधे सैल पडतो, रक्त अजून मोकळ्या हाताने सांडायला हवं होतं, पण झोंबी आपल्या नळातून काढला हे त्याने बरोबर केलं. पुढे २०२४ मध्ये त्याच सरपोतदारने कोकणात जाऊन 'मुंज्या' केला, तो चालला पण खूप, पण मला गर्दीतले, बिननावाचे, सवयीने चालणारे 'झोंबिवली'वाले जास्त जवळचे.

एक शेवटचा, जपानी, 'वन कट ऑफ द डेड', शिनिचिरो उएदाचा. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, आणि ती वाईट आहेत. नट मधेच थांबतात, कॅमेरा उगाच जमिनीवर पडून राहतो, कुणी कारण नसताना बाहेर जातं. बंद करू नका, एवढंच सांगते. त्यातली प्रत्येक चूक पुढे उलगडते आणि रक्ताच्या पिचकारीमागे किती माणसांचे हात असतात ते दिसतं. ३० लाख येनमध्ये बनलेला, टोकियोत २ छोट्या थिएटरमध्ये लागलेला सिनेमा, जपानमध्ये ३०० कोटी येनच्या वर गेला.

आत्याला मी 'शॉन'पासून सुरुवात करून दिली, दुपारी, जेवणं आटोपल्यावर. पहिला अर्धा तास ती नाक मुरडत होती, पबमध्ये क्वीन या बँडच्या गाण्याच्या ठेक्यावर मारामारी सुरू झाली तेव्हा हसली, आणि आईच्या सीनला तिने माझा हात धरला आणि सीन संपेपर्यंत सोडला नाही. 'ब्रेनडेड' अजून दाखवलेला नाही. तो दिवाळीनंतर, फराळ संपल्यावर, आणि कस्टर्डचा सीन येतोय हे तिला आधी सांगून ठेवणार आहे.